हळदीचा डाग आणि धुण्याचा इतिहास

लग्नघरातली एक ओळखीची गोष्ट सांगून सुरुवात करतो. हळद लावण्याचा कार्यक्रम आटोपतो आणि कुणाच्या तरी पांढऱ्या शुभ्र सदऱ्यावर हळदीचा हात उमटलेला दिसतो. एखादा उत्साही पोरगा साबणाची वडी घेऊन तो डाग चोळायला बसतो, आणि काय आश्चर्य! पिवळा डाग बघता बघता लालसर तांबडा होतो. पोरगा घाबरतो. घरातली आजी मात्र हसते आणि म्हणते, "अरे, घाबरतोस काय असा? लिंबू पिळ त्याच्यावर." लिंबू पिळल्याबरोबर लाली पळते आणि डाग पुन्हा पिवळा होतो. मग आजी दुसरा हुकूम सोडते, "आता धुऊन टाक उन्हात." दोनतीन दिवस चांगले ऊन लागले की डाग फिका पडत पडत दिसेनासा होतो.

श्रोतेहो, या छोट्या प्रसंगात तीन पात्रे आहेत. पहिले पात्र खार, कारण साबणात खार असतो आणि खार लागला की हळद लाल होते. दुसरे पात्र आंबट. ते खाराला मारते. तिसरे पात्र ऊन; ते रंगच खाऊन टाकते. माणसाने हजारो वर्षे कपडे धुतले ते याच तिघांच्या बळावर. पुढे मोठमोठे कारखाने निघाले, रसायनशास्त्राचे ग्रंथ झाले. पण त्यांनीही मुख्यतः या तिघांचेच काम अधिक वेगाने केले. हे ज्ञान मुळात कुणाचे होते, आणि त्याचे श्रेय कुणाला मिळाले, हे आज थोडे पाहू.

आपल्याकडचा लेखी पुरावा बराच जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणते वस्त्र कशाने शुद्ध करावे, हे सांगितले आहे. रेशीम आणि लोकर खारट मातीने. डोंगराळ मुलखातल्या बकऱ्याच्या लोकरीची कांबळी रिठ्याने. तलम पट्टवस्त्रे बेलफळाने. आणि जवसाच्या धाग्याचे कापड पांढऱ्या मोहरीने. आता यातली प्रत्येक जोडी आजच्या शास्त्राला पटेलच असे नाही. पण त्यामागची दृष्टी पाहण्यासारखी आहे. सगळ्या कापडांना एकच औषध चालत नाही. धागा पाहावा आणि मग धुण्याची वस्तू निवडावी, ही समज त्यात आहे. आणि वस्तू तरी कोणत्या? माती, रिठा, बेल, मोहरी. कुठल्याही खेड्यात दारात किंवा वेशीबाहेर मिळाव्यात अशा.

स्मृतिकाराने त्या श्लोकात बांधल्या, पण शोधून काढल्या त्या नदीवर उभे राहून कपडे आपटणाऱ्या माणसांनी. त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

प्रथम खाराकडे वळू. सगळ्यांत सोपा खार म्हणजे चुलीतली राख. लाकडाची किंवा केळीच्या सोपटाची राख पाण्यात कालवायची, निवळू द्यायची आणि वरचे पाणी गाळून घ्यायचे. हे पाणी बोटाला बुळबुळीत लागते. त्यात मळके कपडे भिजवले म्हणजे तेलकट मळ सुटतो, कारण खार तेलाला धरतो आणि त्याचा थोडासा साबणच करून टाकतो. युरोपातही हीच रीत होती. राखेचे पाणी भांड्यात आटवून जी खारट पूड उरे तिला तिकडे 'पॉट ॲश' म्हणजे 'भांड्यातली राख' असे म्हणत. इ. स. १८०७ मध्ये हंफ्रे डेव्ही या शास्त्रज्ञाने अशाच खारापासून एक नवा धातू वेगळा केला आणि त्याला 'पोटॅशियम' हे नाव दिले. आपल्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ करावे लागते. ते धुण्याच्या राखेतून आले आहे, हे शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे.

दुसरा खार म्हणजे सज्जीखार. सिंध, पंजाब, राजस्थान या कोरड्या मुलखात खारट जमिनीवर उगवणारी झुडपे जाळून तो काढीत. इंग्रजीतला 'अल्कली' हा शब्दही अशाच झुडपांच्या राखेच्या अरबी नावावरून आला आहे.

आपल्या महाराष्ट्रात तर निसर्गाने खाराचे कोठारच उघडून ठेवले होते. बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. फार प्राचीन काळी उल्का आदळून काळ्या कातळात पडलेला हा प्रचंड खड्डा. त्यातले पाणी खारट आणि क्षारांनी भरलेले. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठाला खार बसे. लोक तो गोळा करीत आणि त्याच्या प्रतीप्रमाणे त्याला दल्ला, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे देत. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऐने अकबरी' लिहिली. तीत लोणारचा उल्लेख आहे, आणि काच व साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, अशा अर्थाची नोंद आहे. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या दप्तरात वऱ्हाडातल्या एका तळ्याची नोंद झाली ती धुण्याच्या आणि बांगड्यांच्या कामी येणाऱ्या खारासाठी.

आता रिठा. रिठ्याच्या फळाची साल पाण्यात भिजवून चोळली की फेस येतो. तो फेस खाराचा नव्हे. रिठ्यात 'सॅपोनिन' नावाचे द्रव्य असते. ते पाण्याला कापडात शिरायला मदत करते आणि मळ अलगद उचलते. खाराने रेशीम आणि लोकर हळूहळू खराब होते. रिठा मात्र सौम्य. म्हणून सोवळ्याचा मुकटा, पैठणी, शाल यांना घरोघरी रिठाच लावीत.

रिठ्याचा आणखी एक गुण आहे, तो खेड्यातल्या लोकांना चटकन पटेल. आपल्या पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणालाही फेस येत नाही. नुसता पांढरा साका कपड्यावर बसतो. दोन्हींचे कारण एकच. पाण्यातला चुना डाळीला शिजू देत नाही आणि साबणालाही बांधून टाकतो. रिठ्याला या चुन्याची फारशी पर्वा नाही. आणि गंमत पाहा, डाळ शिजत नाही म्हणून आई जी चिमूटभर खाराची पूड टाकते, तसाच खार धुण्याच्या पाण्यात टाकला म्हणजे चुना खाली बसतो आणि साबण मोकळा होतो. स्वयंपाकघर आणि धुण्याचा दगड यांचे शास्त्र असे एकच आहे.

घरच्या धुण्याचा भार बायकांवर होता. गावच्या धुण्याचा भार परटावर. बारा बलुतेदारांत परीट होता. सुगी झाली की त्याला धान्याचे बलुते मिळे. त्याची भट्टी म्हणजे एक कारखानाच. मळके कपडे खाराच्या पाण्यात भिजवायचे, पिळायचे, चुलाणावरच्या पाण्याच्या भांड्याभोवती रचून वरून झाकायचे आणि रात्रभर खालून जाळ द्यायचा. वाफ कपड्यांच्या थराथरांतून फिरे आणि खाराच्या मदतीने मळ सैल करी. पहाटे नदीवर नेऊन ते शिळेवर आपटायचे, निर्मळ पाण्यात खळबळायचे आणि वाळूवर किंवा हिरवळीवर उन्हात पसरायचे. खार, वाफ, पाणी, ऊन. यातले एकही अंग सोडले तर कापडाला खरी सफेदी येत नसे.

या कारागिराकडे जुने ग्रंथ कोणत्या नजरेने पाहतात? कौटिल्याचे अर्थशास्त्र बरीच शतके दृष्टीआड होते. १९०५ मध्ये म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती त्याची पोथी आली आणि १९०९ मध्ये तो ग्रंथ छापून निघाला. त्याच्या चौथ्या अधिकरणात परटांचे नियम आहेत. कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच धुवावेत. दुसरीकडे धुऊन कापड फाटले तर भरपाई द्यावी आणि शिवाय सहा पण दंड भरावा. परटाने स्वतः वापरायच्या कपड्यांवर मोगराची खूण असावी. त्याहून दुसरे वस्त्र अंगावर दिसले तर तीन पण दंड. गिऱ्हाइकाचे कापड विकले, भाड्याने दिले किंवा गहाण टाकले तर बारा पण. किती शुभ्रतेचे धुणे किती दिवसांत परत करायचे, याचीही मुदत ठरलेली होती.

कायदा म्हणून हे चोख आहे. गिऱ्हाइकाच्या वस्त्राची काळजी त्यात आहे. पण बारकाईने पाहा: सगळे नियम संशयाचे. परीट कापड फाडील, चोरून वापरील, उशीर लावील. त्याला काय येते, याबद्दल तिथे चर्चा नाही. लोककथांतही तेच. रामकथेत सीतेबद्दल वेडेवाकडे बोलणारा कोण, तर म्हणे परीट! ज्याने गावाचा मळ धुतला त्याच्याच माथी गावाने डाग लावला, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आणि या माणसाला येत काय होते? एकच उदाहरण घेऊ. शेकडो घरांचे कपडे एका भट्टीत जात. कुणाचे कोणते, हे ओळखायचे कसे? साधी शाई तर पहिल्याच धुण्यात जाणार. परटाने बिब्बा निवडला. बिब्ब्याच्या टरफलातला रस कापडावर लावून त्याला चुना दाखवला की काळी खूण उठते, आणि ती खारालाही दाद देत नाही, वाफेलाही नाही. परक्या मुलखातून आलेल्या युरोपियनांनी हे पाहिले आणि या फळाला इंग्रजीत नावच ठेवले 'खूण करण्याचे फळ'. आपण मराठीत मात्र 'कामात बिब्बा घालणे' एवढ्यापुरताच त्याचा गौरव केला! बिब्बा अंगावर उततो, कातडीला फोड आणतो. तरी तो हाताळून, त्याची मात्रा ओळखून परटाने ही विद्या चालवली. रसायनाचा एक शब्दही न वाचता.

आता दुसरे पात्र, आंबट. खाराने मळ निघतो, पण थोडा खार कापडात राहून जातो. त्याने कापड पिवळे पडते, कडक होते. त्याला मारायला आंबट हवे. सतराव्या शतकात तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या व्यापारासाठी हिंदुस्थानात अनेकदा आला. १६७६ मध्ये त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. तो सांगतो की दूरदूरच्या प्रांतांतले कोरे सुती कापड भडोचकडे पांढरे करायला आणीत. का? तर तिथे विस्तीर्ण कुरणे आहेत आणि लिंबे विपुल आहेत. लिंबाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय सुती कापडाला चांगली सफेदी येत नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. कुरण म्हणजे ऊन, लिंबू म्हणजे आंबट. लग्नघरातल्या आजीचे दोन्ही हुकूम भडोचच्या पेठेत व्यापाराचा पाया होऊन बसले होते.

त्याच काळात युरोपातले लोक काय करीत होते? तेही हेच करीत होते, फक्त लिंबाऐवजी आंबट दूध आणि ताक वापरीत. राखेच्या पाण्यात उकळ, कुरणावर पसर, आंबट दुधात बुडव, पुन्हा पसर. असे करता करता एका ताग्याला अनेक महिने लागत. हिवाळ्यात तर काम बंदच. १७५६ मध्ये एडिंबरोच्या फ्रान्सिस होम या वैद्याने दाखवले की ताकाऐवजी पाणी घालून सौम्य केलेले गंधकाम्ल वापरले तर आठवड्यांचे काम एका दिवसावर येते. १७७४ मध्ये स्वीडनच्या शेले याने क्लोरीन वायू शोधला. फ्रान्सच्या बर्थोले याने १७८५ च्या सुमारास त्याने कापड पांढरे करून दाखवले. आणि १७९९ मध्ये ग्लासगोच्या टेनंटने चुन्यात क्लोरीन मुरवून ब्लीचिंग पावडर केली. झाले! उन्हाचे महिन्यांचे काम पावडर काही तासांत करू लागली. दरम्यान १७९१ मध्ये फ्रान्सच्या लब्लां याने साध्या मिठापासून धुण्याचा सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. राख, ताक आणि ऊन यांची जागा अशी पन्नास वर्षांत तीन कारखान्यांनी घेतली.

यातला फरक ध्यानात घ्या. भडोचच्या धोब्याचे ज्ञान तिकडच्या कारागिराच्या ज्ञानापेक्षा उणे नव्हते. पण तिकडे कुणीतरी 'असे का होते?' म्हणून विचारले, मोजले, लिहिले आणि छापले. आपल्याकडे लिहिणारा धूत नव्हता आणि धुणारा लिहीत नव्हता. आपले नुकसान झाले ते इथे.

कपडा धुतल्यावरची निगाही अशीच घरगुती. भाताची पेज गाळून तिची खळ सुती कपड्याला द्यायची. खळीने कापड ताठ राहते, आणि धूळ धाग्याला न चिकटता खळीला चिकटते. पुढच्या धुण्यात खळीबरोबर तीही जाते. शेवटच्या पाण्यात नीळ. जुनाट पांढरे कापड पिवळट दिसते. निळ्याची छटा पडली की डोळ्याला ते पांढरे भासते. ही नीळ पूर्वी झाडाची होती. पुढे तिची जागा 'अल्ट्रामरीन' या रंगाने घेतली. हा रंग मुळात अफगाणिस्तानातल्या मौल्यवान निळ्या खड्याची पूड करून काढीत. युरोपातले चित्रकार तो सोन्याच्या मोलाने घेत. तो स्वस्तात करून दाखवील त्याला एका फ्रेंच संस्थेने १८२४ मध्ये बक्षीस लावले, आणि १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या रसायनज्ञाला मिळाले. माती, सोडा, गंधक आणि कोळसा यांपासून त्याने तो रंग केला. तेव्हा धोतराला निळीचे बोट देताना आपण एके काळचा राजेशाही रंग वापरतो, हे लक्षात असू द्या.

आणि साबण? साबण शब्दच अरबीतून आपल्याकडे आला. तेल किंवा चरबी खाराबरोबर शिजवली की साबण होतो. कारखान्याचा विलायती साबण १८८८ मध्ये 'सनलाइट' या नावाने कलकत्त्याच्या बंदरात पेट्याच्या पेट्या उतरू लागला. पण जुन्या वळणाच्या घरांत साबणाला सहज प्रवेश नव्हता, कारण त्यात चरबी असण्याचा संशय. सोवळ्याच्या घरात रिठा आणि शिकेकाई टिकून राहिली त्याला हेही एक कारण. पहिले महायुद्ध संपत आले त्या सुमारास मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी निव्वळ वनस्पती तेलाचा साबण काढला आणि तो चरबीविरहित म्हणून लोकांपुढे ठेवला. स्वदेशीच्या त्या दिवसांत या गोष्टीला दुहेरी मोल होते. १९३९ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिठापूर येथे टाटा केमिकल्सची स्थापना झाली आणि समुद्राच्या मिठापासून सोडा करण्याचा मोठा उद्योग तिथे उभा राहिला. पुढे १९५९ मध्ये 'सर्फ' आणि १९६९ मध्ये 'निरमा' ही पूड आली. या पुडी साबणाप्रमाणे जड पाण्याला हार जात नाहीत. विहिरीच्या पाण्यावर हात दुखेपर्यंत कपडे घासणाऱ्या आयाबहिणींचे कष्ट त्यांनी खरोखर कमी केले, हे कबूल केलेच पाहिजे. मात्र पूड नदी-ओढ्यात गेली की शेवाळाला खत मिळते, पाण्यावर फेस तरंगतो. कपड्याचा मळ गेला आणि तो पाण्याला लागला, असेही होते.

म्हणून जुने ते सारे सोने आणि नवे ते सारे खोटे, असे मी म्हणणार नाही. उलटही म्हणणार नाही. मला सांगायचे आहे ते इतकेच की घरातल्या वस्तूमागचे कारण ओळखा. कारण ठाऊक असले की उपाय कुठे लागू पडेल आणि कुठे अंगाशी येईल, दोन्ही कळते. लोखंडाचा गंज लागला तर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा, डाग सुटतो. पण तेच लिंबू रंगीत रेशमावर लावाल तर रंग बिघडेल. सुती कापडाला ब्लीचिंग पावडर चालते; रेशमाला आणि लोकरीला ती खाऊन टाकते. आणि एक गोष्ट जिवाची आहे: ब्लीचिंग पावडरीत लिंबू, व्हिनेगर किंवा मोरी धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. दोन चांगल्या वस्तू एकत्र केल्या म्हणजे तिसरी अधिक चांगली होते, असे शास्त्रात नेहमी घडत नाही.

शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात पांढऱ्या फडक्याचा एक तुकडा न्या. त्यावर ओल्या हळदीची तीन बोटे उमटवा. एकावर साबणाचे पाणी, एकावर राखेचे निवळलेले पाणी टाका. दोन्ही लाल होतील. मग त्यांवर लिंबू पिळा. तिसरे बोट तसेच ठेवून फडके खिडकीतल्या उन्हात टांगा आणि मुलांना रोज पाहायला सांगा. प्रयोगाला पैसा लागत नाही. मुलांना क्षार, आम्ल आणि प्रकाश हे धड्यातले शब्द आजीच्या तोंडचे वाटू लागतील. आणि मग त्यांना विचारा, हे प्रथम कुणी शोधले असेल?

या प्रश्नाचे उत्तर देताना एका माणसाची आठवण होते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये एका परीट घरात डेबूजी नावाचा मुलगा जन्मला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढे हातात खराटा घेऊन तो गावोगाव फिरला. दिवसा गावचे रस्ते झाडले, रात्री कीर्तनात लोकांची मने. आपण त्यांना संत गाडगेबाबा म्हणतो. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले. ज्या घराला ग्रंथांनी दंडाचे नियम दिले, त्याच घरातल्या माणसाने साऱ्या महाराष्ट्राला स्वच्छतेचा धडा घालून दिला.

पुढच्या वेळी हळदीचा डाग पडला तर साबण शोधण्याआधी घरातल्या आजीला विचारा. तिने सांगितले ते करा. आणि मग 'असे का होते?' हेही विचारा, समजून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. एवढे शेवटचे काम आपल्याकडून राहून गेले होते.